मागचं दार

“पाणी मी शेंदायचं, अन् थंडावा त्या उकंडानं खायचा? कोणत्या ग्रंथात लिहिलंय असं? सांगा ना, भागीमाय!”

मोतीराम ओरडत होता. गुरूसमोर आवाज चढवू नये, हे तो दर एकादशीला गावाला प्रवचनात सांगे. पण वैशाखाची दुपार होती, आणि वऱ्हाडातला वैशाख कुणाचं प्रवचन ऐकत नाही.

भागीमाय भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारा वर्षं तो त्यांच्याच पायाशी शिकला होता. त्यांनी नुसती पदरानं मान पुसली.

बाजेवर त्याची म्हातारी आई, गिरजाबाई, पडली होती. तोंड लालबुंद, श्वास भात्यासारखा. सकाळीच तिनं गाठोडं बांधलं होतं.

“मले लेकीकडे नेऊन घाल, मोत्या. ह्या घरात माझा उन्हाळा निघत नाही.”

तेच त्याला झोंबलं होतं. गावाला मातृसेवा शिकवणाऱ्याच्या घरातून आईच उठून चालली, तर तोंड कुठं लपवायचं? तिच्यासाठी पश्चिमेच्या दाराला त्यानं वाळ्याची ताटी बांधली होती. स्वतःच्या हातानं. घटकेघटकेला ताटीवर पाणी मारत होता. माणसं सेवा करायला लागली की करतच सुटतात, ज्याची करतात त्याला तेवढं विचारायचं राहून जातं.

आणि मागचं दार… ते चुलतभावाच्या, उकंडाच्या ओसरीत उघडत होतं. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. थंडाव्याचा एक कणही तिकडं जाऊ नये म्हणून मोतीरामनं अडसर लावून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या.

“किती घागरी ओतल्या?” भागीमायनं विचारलं.

“अकरा.”

“म्हातारीला गार लागलं?”

“लागेल. भिंती निवायला वेळ लागतो.”

“मी भिंतीचं नाही विचारलं, बाप्पा.”

…

भागीमाय उठल्या. मागच्या दाराशी गेल्या, एक चिंधी ओढून काढली, मग दुसरी.

मोतीराम हात पसरून आडवा आला. “माय, दुसरी कोणतीही आज्ञा करा!”

“आज्ञा कुठं केली? सरक. मले गुदमरते.”

अडसर निघाला. दार करकरत उघडलं.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग समोरची ताटी सळसळली. इतका वेळ बाहेरच अडलेला वारा ओल्या वाळ्यातून आत शिरला, गारेगार, सुवासिक. बाजेवरून गेला. म्हातारीचे पांढरे केस उडाले. तसाच तो मागच्या दारानं उकंडाच्या ओसरीत निघून गेला. तिथं उकंडाची सून तान्ह्याला सुपानं वारा घालत बसली होती. तिचा हात थांबला.

“अगं माय…” गिरजाबाईनं डोळे न उघडताच विचारलं, “कोण आलं रे?”

वारा पुन्हा एकदा बाजेवरून गेला.

“कोणी का असेना. देवासारखा आला.” तिनं दोन्ही तळवे वाऱ्यात उलगडून धरले. “मोत्या, ते गाठोडं सोड अन् उशाला दे. पडते जराशी.”

मोतीरामनं गाठोडं सोडलं. आईचा श्वास हळूहळू संथ झाला. ती झोपली. तो तिच्या पायांशी बसून राहिला, डोळे भरले होते… पण माणसाचा ताठा डोळ्यांच्या पाण्यानं एकदम भिजत नाही.

“थंडावा जाऊ द्या, माय,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण ताटी माझी, घागरी माझ्या. उकंडानं निदान माझे उपकार तरी मानावेत की नाही?”

भागीमाय ताटीकडं पाहत होत्या.

“मानेल ना. पण ही झुळूक तुझ्या दारी कुणाकुणाच्या घरातून आली, त्यांच्याकडं तू आधी जाऊन ये.”