गुणाजीनं घरातला धूर घालवला

एका गावात एक भोळा गडी होता, गुणाजी. भोळा म्हणजे केवढा? भर बाजारात कुणी "बस जरा, आलोच" म्हटलं, की हा पठ्ठ्या तिथंच चिखलात बसायचा.

गुणाजीच्या घरात सगळ्यांनाच विडीचा नाद. आबा ओढायचे, आई ओढायची, गुणाजीही ओढायचा. त्याची बायको येसू माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. पण पोरीची छाती जरा नाजूक. डॉक्टर म्हणाले, विडीचा धूर हिला सोसायचा नाही. झालं! येसूनं निरोप धाडला, "तिघांच्या विड्या सुटल्या, तरच लेक घेऊन येईन. तोवर तिचं तोंडसुद्धा दिसायचं नाही."

दीड महिना झाला तरी गुणाजीनं पोटच्या पोरीला पाहिलं नव्हतं. बिचारा रडकुंडीला आला. त्यानं त्याच दिवशी विडी टाकली. आई-आबांनीही शपथ घेतली.

आबा म्हणाले, "गुण्या, आमचा काही भरवसा नाही. तू नजर ठेव. धूर दिसला की पाणी ओत!"

गुणाजीनं बादली भरून ठेवली. संध्याकाळी आबा हळूच गोठ्यामागे गेले. धूर दिसला. भस्सकन बादली! आई परसात जाऊन बसली. धूर दिसला. भस्सकन बादली! चार दिवसांत दोघं शिंकून शिंकून बेजार झाली, पण विडी मात्र सुटली.

पाचव्या दिवशी आईनं चूल पेटवली. धूर दिसला. भस्सकन बादली! भाकरी गेली, कालवण गेलं.

"मेल्या, चुलीवर कशाला ओतलंस? माणसाच्या तोंडातनं निघतो तो धूर वाईट!"

"असं होय? मग आधी सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरे आले. विडी खरंच सुटली का, ते त्यांना बघायचं होतं. थंडी अशी की दात वाजत होते. अंगणात उभं राहून ते म्हणाले, "रामराम, जावईबापू!"

तोंडातून वाफ निघाली. भस्सकन बादली!

"अरे करंट्या!" आबा धावत आले. "सोन्यासारखा माणूस दारात आलाय अन् पाणी कसलं ओततोस? उचलून घरात आणायचं असतं!"

गुणाजीनं मनाशी घोकलं. ओतायचं नाही. उचलून घरात आणायचं.

सासरे कुडकुडत घरभर हुंगत फिरले. विडीचा वास कुठंच नव्हता. नाक पुसत म्हणाले, "उद्या या आणि घेऊन जा आमच्या येसूला."

गुणाजीला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून तो सासुरवाडीला निघाला. सासऱ्यांच्या आळीत शिरला, तर पहिल्याच अंगणात सुईणबाई एका बाळाला न्हाऊ घालून बसलेली. निखाऱ्यावर ओवा टाकून, बाळंतघरी देतात तशी ती बाळाला धुरी देत होती.

धूर दिसला! अन् धुरात बाळ!

"अगं माझे बाई!" म्हणत गुणाजीनं बाळ दुपट्यासकट उचललं आणि घराकडे पळत सुटला. सुईणबाई ओरडली. बायका ओरडल्या. कुत्री भुंकली. गुणाजीनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आई! आबा! आणली!"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं बाळाला छातीशी धरलं, मुके घेतले. मग तिनं दाराकडे पाहिलं.

"अरे, येसू कुठंय?"

"येतीय मागनं. पळत. सगळं गावच येतंय. काठ्याबिठ्या घेऊन. केवढं प्रेम!"

तेवढ्यात बाळानं दुपटं ओलं केलं. आईनं ते सोडलं आणि ती बघतच राहिली.

"गुण्या! अरे, आपल्याला तर नात झाली ना? हा मुलगा आहे!"

गुणाजीनं वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि बापाकडे वळला.

"बघा आबा! एवढ्याशा धुरानं पोरीचं हे असं झालं. आता तरी विडीला हात लावू नका!"