वरून खाली येणारी मेथी

प्राणी बाजार भरवत होते, तेव्हाची गोष्ट. टेकडीखालच्या गरीब वस्तीत उदमांजराने भाजीची गाडी लावली. गाडीवर पाटी होती, ‘शेतातून थेट दारी’. सशिणीचं पिल्लू आजारी होतं, त्याला ताजा पाला हवा होता. ती धावतच आली.

शेळीने जुडी हुंगली. “काय रे, ही तर पाणी मारून उभी केलेली मेथी! टेकडीवरच्या श्रीमंतांनी निवडून घेतल्यावर उरलेली ना?”

“शेळीताई, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. वर काय, खाली काय, माल एकच.”

“मग उद्या गाडी आधी इथे आण, नंतर वर ने.”

“आणतो की! त्यात काय!”

दुसऱ्या दिवशी सशीण पहाटेपासून थांबली. गाडी संध्याकाळी आली, टेकडीवरूनच. मेथीवर मात्र दुप्पट पाणी होतं.

“घ्या ताई, एकदम ताजी!”

या वेळी सशिणीनेच आधी जुडी हुंगली.