नीरतृणेची झडती

त्रेतायुग उताराला लागले होते, यज्ञांचा धूर अजून निर्मळ होता आणि देवांना माणसांच्या दारी जाण्यात कमीपणा वाटत नव्हता, त्या काळी पश्चिम समुद्राचा अधिपती, पाशधर वरुण, अत्यंत संशयी झाला होता. त्याला कारणही तसेच होते. एका तपस्व्याने एकाच बाणाने त्याला कित्येक योजने मागे हटवून, त्याच्या डोळ्यांदेखत, कोकणची भूमी काढून घेतली होती. दुधाने तोंड पोळले की मनुष्य ताकही फुंकून पितो, आणि देवांचे तोंड काही वेगळ्या कातड्याचे नसते. तेव्हापासून किनाऱ्यावर कोणी ओल्या वाळूचा खोपा जरी केला, तरी वरुण लाट पाठवून तो मोडून टाकी आणि मगच विसावा घेई.

अशा या वरुणाच्या प्रवाळमंडित सभेत एके दिवशी भूदेवीची धाकटी कन्या नीरतृणा येऊन उभी राहिली. तिच्या थोरल्या भावंडांपैकी दर्भाला यज्ञात, दूर्वेला पूजेत आणि वेळूला राजछत्राच्या दांड्यात मान मिळाला होता. हिच्या वाट्याला जमिनीवर काहीच उरले नव्हते. ती हात जोडून म्हणाली, "हे जलेश्वरा, सूर्याचे किरण जिथवर पोचतात तेवढ्या उथळ वाळूत मला राहू द्यावे. खडक मागत नाही, खोल पाणीही मागत नाही."

"तुला मुळे आहेत," वरुण म्हणाला. "माझ्या राज्यातले शेवाळ खडकाला चिकटून राहते, पण मुळे कोणी रोवत नाही. जो मुळे रोवतो तो पुढे कुंपणही रोवतो."

"वाहून जाऊ नये म्हणून रोवते, प्रभो. मला दुसरे घर नाही."

वरुणाने पुष्कळ विचार केला आणि होकार दिला, पण अट घालून. तो मागेल त्या दिवशी तिने पाने दूर सारून आतले सर्व काही दाखवावे. नाकारले, तर शाप. नीरतृणेने वचन दिले.

मग शंखवेला नावाच्या उपसागरात पाण्याखाली नीरतृणेचे हिरवे कुरण पसरले. तिची लांब, फितीसारखी पाने प्रवाहाबरोबर डुलत, मुळे वाळूला घट्ट धरून ठेवत, गढूळ पाणी तिच्यातून जाताना निवळे. तिला फुले येत, परंतु तिथे भ्रमर कुठला? पाणीच पराग वाहून नेई. कासवे येऊन चरत आणि तृप्त होऊन डोळे मिटत. आणि ज्यांना जन्मून चार दिवसही झाले नव्हते अशी माशांची, खेकड्यांची, कोळंब्यांची पिल्ले तिच्या पानांआड येऊन म्हणाली, "आई, आम्हाला लपव. दंष्ट्राल येतो आहे."

दंष्ट्राल म्हणजे वरुणाच्या मकरसेनेचा सेनापती. राज्याचे रक्षण हे त्याचे काम आणि राज्यातली पिल्ले हा त्याचा फराळ. शरणागताला पाठीशी घालणे हा धर्म आहे, हे नीरतृणा जाणत होती. तिने पाने मिटून घेतली.

फराळ नाहीसा होताच दंष्ट्रालाला एकाएकी राज्याची काळजी वाटू लागली. तो वरुणाला म्हणाला, "महाराज, त्या परकीय स्त्रीच्या पानांआड काहीतरी शिजते आहे. शिवाय तळ वर येतो आहे. विश्वास नसेल तर मोजून पाहावे."

वरुणाने आपला पाश पाण्यात सोडून पाहिला. मागच्या वर्षापेक्षा खोली वीतभर कमी भरली. मुळांनी धरलेली वाळू साचून तळ उंचावला होता, एवढेच. पण वरुणाला तिथे नवे कोकण दिसू लागले.

"आणखी एक," दंष्ट्राल म्हणाला. "किनाऱ्यावरची एक धीवरी तिच्याकडून रोज गवताचे भारे नेते."

वरुण बैराग्याचा वेष घेऊन त्या धीवरीच्या दारात गेला. तिचे नाव शुक्तिका, वय सत्तरीच्या पुढचे. तिने त्याला वाळल्या सागरतृणाने भरलेल्या गादीवर बसवले आणि पाणी दिले. छपरावर तेच गवत होते, परसातल्या नाचणीच्या वाफ्यातही तेच कुजत घातले होते.

"हे सगळे कुठून आणलेस?" वरुणाने विचारले.

"समुद्रानं काठावर टाकलेलं उचलते, बुवा. छपराला घातलं तर लवकर पेटत नाही, अंथरुणाला घातलं तर कीड लागत नाही. याच गादीवर माझी सून बाळंत झाली."

"पाण्यात उतरून उपटत नाहीस?"

"छे! तिनं टाकलेलं तेवढंच घ्यायचं, उपटायचं नाही, ही आमची रीत. ती आहे म्हणून जाळ्यात मासा आहे."

"मग ती मोबदल्यात काय घेते?"

"गवत काय घेणार?"

"फुकट कोणी काही देत नाही."

शुक्तिका त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कुणीतरी फार लुबाडलेलं दिसतंय, बुवा," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे भाकरी ठेवली. वरुणाने भाकरी आधी हुंगून पाहिली, मग खाल्ली. एवढे सरळ उत्तर खरे असूच शकत नाही, अशी त्याची खात्री होऊन तो परतला.

दुसऱ्याच प्रहरी तो सेनेसह कुरणापुढे उभा राहिला. "नीरतृणे, वचन स्मर! पाने दूर कर!"

"दाखवते, प्रभो. पण सेनापतीला आधी दूर पाठवावे. मग आपण एकट्याने पाहावे."

"माझ्या सेनापतीपासून लपवावे असे तुझ्याजवळ काय आहे?"

"ते त्याच्यासमोर सांगता येत नाही."

"पाहिलेत, महाराज?" दंष्ट्राल हळूच म्हणाला.

वरुणाचे नेत्र आरक्त झाले. "कृतघ्ने! ज्या पानांआड तू कपट झाकतेस, ती पाने काळी पडोत, तुटोत आणि काठावर जाऊन कुजोत!"

शाप उच्चारला गेला आणि क्षणात ते विशाल कुरण काळे पडून गळाले. आत शस्त्रे नव्हती, भूमीची सेना नव्हती. बोटाएवढी लक्षावधी पिल्ले एकमेकांना बिलगून उभी होती. वरुणाला उमगायच्या आत दंष्ट्रालाची सेना त्यांच्यावर तुटून पडली. "थांबा!" तो ओरडला; पण मुळे सैल होताच वाळू उसळली होती, पाणी गढूळ झाले होते आणि त्या गदळात त्याचाच पाश त्याला सापडेना. सापडला आणि दंष्ट्राल बांधला गेला, तोवर मूठभर पिल्ले उरली होती.

काठावर काळ्या पानांचे ढीग छातीएवढे लागले. वरुण त्याच बैराग्याच्या वेषात तिथे आला तेव्हा शुक्तिका उभी होती. तिने एकही पान उचलले नव्हते.

"बुवा, हे तिनं टाकलेलं नाही," ती म्हणाली. "हे कुणीतरी तिच्याकडून हिसकावलंय."

जलाधिपती वरुण त्या म्हातारीसमोर वाळूत बसला आणि रडला.

मग तो नीरतृणेकडे गेला. वाळूत केवळ तिची मुळे जिवंत होती. ती म्हणाली, "मी वचन मोडले, त्याचा शाप भोगते. आपण माझी खोली पाशाने मोजलीत, प्रभो. सेनापतीचे पोट मात्र कधी मोजले नाहीत."

शाप मागे घेता येत नाही, म्हणून वरुणाने उःशाप दिला: पाने दरवर्षी काळवंडून गळतील, पण मुळांतून पुन्हा फुटतील, गळलेले पान माणसांच्या कामी येईल, आणि जो मुळे उपटील त्याच्या जाळ्यात केवळ गाळ येईल. "आता वर माग," तो म्हणाला.

"माझ्या पानांआड कोण आहे, हे यापुढे आपण विचारू नये."

त्याला हे फार जड गेले. पण तो "तथास्तु" म्हणाला.

तोपर्यंत समुद्र आपल्या सीमेवर स्थिर असे. भरती-ओहोटी सुरू झाली ती त्यानंतर. पंडित तिचे श्रेय चंद्राला देतात, खुशाल देवोत. शंखवेलेचे धीवर सांगतात की वरुण दिवसातून दोनदा उठून उथळ पाण्यापर्यंत येतो, त्या हिरव्या पानांवर घटकाभर रेंगाळतो, आत काय हालते आहे ते वरूनच न्याहाळतो आणि एक शब्दही न विचारता परत जातो. विचारायची सोय त्याला उरलेली नाही, पण येणे काही सुटत नाही.