वाऱ्याचा वाटा

फार लांबच्या एका थंड, डोंगराळ दरीत एक म्हातारा राहत असे. तो द्राक्षांची ब्रँडी करायचा. मुलांनी ही गोष्ट खुशाल ऐकावी. चव घ्यायला त्यांना अजून पुष्कळ अवकाश आहे.

म्हाताऱ्याचं काम झटपट होणारं नव्हतं. द्राक्षं खुडायची, रस काढायचा, तो आंबू द्यायचा, मग तांब्याच्या भट्टीत घालून मंद विस्तवावर तापवायचा. वर चढलेली वाफ गार झाली की धार लागे. आपल्याकडे पहिल्या धारेचा केवढा तोरा! हा मात्र पहिली धार बाजूला काढी, शेवटचीही काढी, आणि फक्त मधली धार पिंपात भरी. दिसायला ती पाण्यासारखी नितळ असे, पण जिभेवर ठेवली तर निखारा.

खरी करामत पुढेच होती. ओक वृक्षाच्या लाकडाची ती पिंपं तळघरात ठेवायची आणि वाट बघायची. लाकूड हळूहळू आपला रंग आणि वास आत सोडी, आणि ब्रँडी लाकडातून थोडी थोडी उडून जाई. दरीतले लोक त्याला ‘वाऱ्याचा वाटा’ म्हणत. त्या तळघरात पाऊल टाकलं की मोठमोठ्यानं बोलणारी माणसंसुद्धा एकदम हळू बोलू लागत. कुणाला सांगावं लागत नसे. त्या वासातच तसं काही तरी होतं.

म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा अकाली गेला होता. घरात सून होती आणि तिची तान्ही मुलगी. सुनेला त्यानं सगळं काम शिकवलं. विस्तव कधी ओढायचा आणि धार कधी तोडायची, हे ती नुसत्या वासावरून सांगू लागली.

दरीत एक रीत होती. कारागिरानं आयुष्यात शेवटचं भरलेलं पिंप बाजूला ठेवायचं. त्याचं नातवंड कामाजोगं झालं की ते सगळ्यांसमोर उघडायचं. ब्रँडी पिकलेली निघाली तर त्या घराची भट्टी पुढे चालणार. नाही तर भट्टीचा विस्तव विझवायचा.

शेवटचं पिंप भरून म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं.

“सूनबाई, आता हे तुझ्या हवाली,” तो म्हणाला.

“मामंजी, एक थेंब वाया जाऊ देणार नाही.”

म्हातारा हसला. “थेंबांचं काय घेऊन बसलीस, पोरी!”

सुनेला वाटलं, मामंजी आपले मोठ्या मनानं बोलताहेत. थोड्याच दिवसांत ते गेले.

वर्षभरानं तिनं त्या पिंपावर बोटानं टकटक केलं. वरच्या बाजूला पोकळ आवाज आला, म्हणजे तेवढी ब्रँडी उडून गेली होती. बाकीच्या पिंपांमधून वाऱ्यानं खुशाल प्यावं, पण हे मामंजींचं शेवटचं होतं! तिनं लाख वितळवली आणि ते पिंप बाहेरून सगळं माखून टाकलं. फटी बुजल्या, लाकूडही दिसेनासं झालं. पुढे दरवर्षी ती टकटक करी आणि पोकळ आवाज तिथल्या तिथे आहे असं ऐकून समाधानानं वर येई.

मुलगी मोठी झाली. पिंप उघडण्याच्या आदल्या दिवशी मायलेकी तळघरात उतरल्या. आईनं लाख फोडून बूच काढलं आणि एक घोट घेतला. रंग चढला होता, पण जीभ तशीच पोळली, आणि मागे नुसतं कडू लाकूड राहिलं. ब्रँडी वर्षानुवर्षं तिथेच थांबली होती.

शेजारी त्याच हंगामातलं, मामंजींच्याच हातचं दुसरं पिंप होतं. त्याला लाख नव्हती. आतली ब्रँडी पुष्कळ खाली गेली होती. तिनं त्यातला घोट घेतला आणि पेला हातातच राहिला. वाळलेली द्राक्षं, मध, जुनं लाकूड, उन्हात तापलेला उतार, एकामागून एक सगळं येत राहिलं आणि कितीतरी वेळ गेलंच नाही. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं? ती खाली बसली आणि ढसाढसा रडली.

मुलगी म्हणाली, “आई, दोन्ही आजोबांचीच आहेत. उद्या हेच पिंप पुढे करू. कुणाला काय कळणार?”

आईनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “तसं केलं तर हे लाखेचं पिंप आपल्याला कायम कुठं तरी कोंडून लपवावं लागेल. मामंजींची शेवटची ब्रँडी कधीच पिकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या दरीसमोर लाखेचंच पिंप ठेवलं आणि काय केलं ते सांगून टाकलं. दरीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईंनी चव घेतली. त्यांना ठसका लागला.

“रीत ती रीत. विस्तव विझवावा लागेल,” त्या म्हणाल्या. “पण ब्रँडी बिघडलेली नाही. तिला श्वास घेऊ दे. पिकली की पुन्हा विस्तव लाव.”

“किती वर्षं लागतील?”

बाईंचा आवाज मऊ झाला. “लाख लाकडात मुरली आहे. तुझ्या आयुष्यात नाही व्हायचं, बाई.”

तिनं स्वतःच्या हातांनी भट्टीवर पाणी ओतलं. मग सुरी घेऊन बसली आणि पिंपाची लाख खरवडू लागली. मुलगीही शेजारी येऊन बसली.

पुढे दोघी दुसऱ्यांच्या मळ्यांत द्राक्षं खुडून पोट भरत. आई दरवर्षी तळघरात उतरे, टकटक करी, आणि आवाज आणखी खाली गेलेला ऐकून हसत वर येई. एके वर्षी ती उतरली नाही. मग मुलगी उतरू लागली.

मुलीचे केस पिकले तेव्हा ते पिंप पुन्हा दरीसमोर आलं. आत जेमतेम निम्मी ब्रँडी उरली होती. पहिला पेला गर्दीतून हातोहात फिरला. ज्यानं घोट घेतला, तो बोलायचा थांबला. टोप्या आपोआप डोक्यावरून उतरल्या. एवढी माणसं जमली होती, पण वेलींची पानं हलतानासुद्धा ऐकू येत होती.

शेवटी कुणी तरी हळूच म्हणालं, “विस्तव लावा.”

मुलीनं पेल्यात राहिलेला घोट तोंडाला लावला. तिच्या आईनं या पिंपातली ही चव कधीच घेतली नव्हती. तिनं डोळे पुसले आणि भट्टीत काडी लावली.

गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाची ठेव कोंडून ठेवली तर ती फक्त टिकते; तिच्यातलं थोडं जाऊ दिलं, तर ती पिकते.