चाकाची खुर्ची चौथ्या मजल्यावर

इंदुताई खरमाटेंचा एक पाय लहानपणापासूनच अधू. कुबड्या टेकत त्या शहरातल्या अवाढव्य इस्पितळात आल्या, ऑपरेशन झालेल्या बहिणीला बघायला. बहीण पाचव्या मजल्यावर आणि भेटीची वेळ संपायला जेमतेम अर्धा तास.

लिफ्टमननं अडवलं, "लिफ्ट फक्त चाकाच्या खुर्चीवाल्यांना."

इंदुताई समोरच्या टेबलाशी गेल्या. तिथं व्यवस्थापक दिघावकर साहेब रेलून बसले होते.

"साहेब, चाकाची खुर्ची कुठं मिळेल?"

"चौथ्या मजल्यावर. अर्ज घेऊन स्वतः जायचं. जिना डाव्या हाताला."

"अहो, जिना चढता आला असता तर खुर्ची कशाला मागितली असती?"

"नियम म्हणजे नियम!" साहेब कडाडले आणि भिंतीवरची नियमांची पाटी खड्या आवाजात वाचून दाखवायला उठले. तिसऱ्या नियमापर्यंत इंदुताई त्यांच्याच फिरत्या खुर्चीत बसल्या आणि होडी वल्हवावी तशी कुबडी रेटत लिफ्टपाशी पोचल्यासुद्धा.

लिफ्टमननं वाकून मोजलं. "पाच चाकं आहेत. या ताई!"

"माझी खुर्ची!" साहेब लिफ्टकडे धावले, तर लिफ्टमननं त्यांच्यापुढे हात आडवा घातला. "साहेब, चाकाची खुर्ची?"

आतून इंदुताईच म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर मिळते साहेब. अर्ज घेऊन स्वतः जा. जिना डाव्या हाताला."