राजकन्या रुंजी आणि वाढत जाणारा पाहुणा

एक होता राजा. फार भला. त्याच्या नगराला वेस होती, पण वेशीला दार नव्हतं. कुणीही यावं, घर बांधावं. त्याची लेक रुंजी. तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग, बरं का!

एकदा काय झालं, वेशीत एक राक्षस आला. हात जोडून म्हणाला, "इथं सगळ्यांना जागा देता म्हणे. मलाही द्या." राजाने दिली.

मग थोड्याच दिवसांत राक्षस म्हणाला, "ते विणकर त्यांच्या देवाची गाणी म्हणतात. मला नाही खपत." विणकरांनी मान खाली घालून गाणी थांबवली. तसा राक्षस हातभर वाढला! रुंजी चिडली. राजा म्हणाला, "असू दे गं. आपण सोसणारी माणसं."

मग राक्षस म्हणाला, "ते रानातून मध आणणारे मधवाले, त्यांनी माझ्या विहिरीला शिवायचं नाही." माझ्या! विहीर काय त्याच्या बापाची? पण नगर गप्प. राक्षस झाला माडाएवढा. तहानेली पोरं कडेवर घेऊन मधवाले रानात निघून गेले. राजा म्हणाला, "असू दे."

मग एका सकाळी राक्षसाने रुंजीच्या दाईला, भिमकाला, केसांना धरून फरफटत वेशीकडे नेलं. "ही मधवाल्यांतली!"

रुंजी अनवाणीच धावली. राक्षसाची वाट अडवून उभी राहिली. "सोड तिला!"

राक्षस हसला. "सोसणारं नगर ना हे? मग मलाही सोसा!"

मागून राजा पुटपुटला, "असू दे, रुंजी..."

"बाबा, तुम्ही काय सोसलंत? तहान त्यांनी सोसली. केस हिचे उपटले. तुम्ही नुसते बघत बसलात!" मग ती राक्षसाकडे वळली. "जागा तुलाही होती, मेल्या! तू बिऱ्हाड दुसऱ्याच्या छातीवर मांडलंस. चालता हो!"

एक विणकरीण पुढे आली. "चालता हो!" राक्षस हातभर आटला. मग तिचा नवरा ओरडला, मग अख्खं नगर. राक्षस आटत आटत उंदराएवढा झाला आणि शेपूट घालून पळाला.

मग राजा रानात गेला. मधवाल्यांच्या पाया पडला. त्यांना घेऊन आला, स्वतः पाणी शेंदलं आणि एकेकाच्या ओंजळीत ओतलं. रुंजीला म्हणाला, "वेशीला दार बसवू का?"

"नको. येईल त्याने यावं. पण दुसऱ्याला हाकलायला निघाला, की पहिल्याच दिवशी गाठ माझ्याशी!"

मग सगळे सुखाने नांदले. आता तुम्हीही एका गोधडीत नीट मावा बघू. कुणी कुणाला ढकलायचं नाही. मिटा डोळे.