केरबाची फेरतपासणी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर रुसली. रुसवा साधा नव्हता. तीन दिवस ती त्यांच्याकडे फिरकली नाही, आणि चौथ्या दिवशी आली ती जाब विचारायलाच.

हे गुरू म्हणजे कोणी जटाधारी नव्हेत. तालुक्याच्या गावी, कचेरीसमोरच्या वाचनालयाच्या ओट्यावर बसून गोरगरिबांचे अर्ज फुकट लिहून देणारे ते एक वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. शिष्या मराठी घेऊन एम.ए. झालेली; अक्षर मोत्यासारखे आणि भाषा त्याहून देखणी. अर्ज लिहिणे ही काय शिकण्याची विद्या आहे, असे तिला मनातून वाटे. विद्या असो वा नसो, तीत चुकायला जागा मात्र पुष्कळ असते.

त्या गावात केरबा नावाचा एक बुरूड राहत असे. सुपे आणि टोपल्या विणण्यात त्याची हयात गेली होती. दोन वर्षांपूर्वी गाडीतून बांबू उतरवताना अख्खी मोळी त्याच्या खांद्यावर कोसळली आणि उजवा हात कामातून गेला. हात थोडा हले, पण काही धरू शकत नसे. विणकाम तर दोन्ही हातांचे. घराचा भार बायकोवर, सगुणाबाईंवर आला. पण नवऱ्याचे सगळे उरकता उरकता त्यांचा आठवडी बाजार बुडू लागला. चूल एकवेळची झाली. शेवटी दोघांनी ठरवले की, अपंगांना मिळणारा सरकारी पगार मंजूर झाला तर ठीक, नाहीतर खोली सोडायची. सगुणाबाईंनी भावाकडे जायचे आणि केरबाने विधवा बहिणीकडे. तीस वर्षे एका चुलीवर जेवलेल्या दोन माणसांची दोन गावे होणार होती.

पगारासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर किमान चाळीस टक्के अपंगत्व नोंदलेले असावे लागते. पहिला अर्ज शिष्येने लिहिला. 'आजही कोणापुढे हात न पसरणारा स्वाभिमानी कारागीर' असे तिने त्यात लिहिले आणि वाचून दाखवताना तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. "नीटनेटके होऊन जा, केरबामामा," असेही तिने बजावले.

केरबा नीटनेटका होऊन गेला. न्हाव्याकडे जाऊन आला, सगुणाबाईंनी धुतलेला सदरा अंगात चढवून दिला, गुंड्या लावून दिल्या. मंडळातल्या डॉक्टरांनी विचारले, "काय बाबा, कसं आहे?"

"बरं हाय साहेब, तुमच्या कृपेनं."

"हातानं जेवता?"

"जेवतो की."

"कपडे घालता?"

"घालतो."

जेवत होता डाव्या हाताने, भाकरी कुस्करून द्यायची बायको, आणि कपडेही तीच चढवायची. पण चारचौघांत आपले रडगाणे गाऊ नये, हे संस्कार त्याला कोणी पुस्तकातून दिले नव्हते. ते रक्तातच होते. हात वर करा म्हटल्यावर त्याने दात आवळून, कळ सोसून, जमेल तितका वर केला. साहेबांचा मान राखायला नको का? दाखला आला बत्तीस टक्क्यांचा. पगार नामंजूर झाला.

वाचकहो, त्याला हसू नका. दवाखान्यात डॉक्टरांनी 'कसं वाटतंय' विचारल्यावर 'आता बरंय' म्हणणारे आपण सगळेच आहोत. फक्त आपल्या उत्तरावर आपली चूल अवलंबून नसते.

दाखल्याविरुद्ध दाद मागितल्यावर मिळालेली फेरतपासणीची तारीख आठ दिवसांवर आली. गुरुजी म्हणाले, या वेळी मंडळासाठी निवेदन मी लिहितो. शिष्येला बरोबर घेऊन ते केरबाच्या घरी गेले आणि तिथे त्यांनी मोठे विचित्र वर्तन केले. केरबा समोर चटईवर बसला होता. त्याला त्यांनी एक शब्दही विचारला नाही. सगुणाबाईंकडे वळून म्हणाले, "आज सकाळपासून यांचं काय काय केलंत, ते क्रमानं सांगा. काही वगळू नका."

सगुणाबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा गुरुजींकडे पाहू लागल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. "सकाळच्यापारी उठवून बसवलं. त्वांड धुवून दिलं. दात घासाय पेस्ट लावून दिली. आंघूळ घातली, पाठ चोळली. लेंग्याची नाडी बांधली..." "परसाकडनं आल्यावर बी मलाच..."

"तेही सांगा," गुरुजी म्हणाले आणि लिहीत राहिले.

केरबा उठला आणि दाराकडे तोंड करून बसला. शिष्येला त्याची पाठ तेवढी दिसत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि त्या दिवसापासून ती रुसली.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "गुरुजी, त्या माणसाजवळ एक अब्रूच तर उरली होती. तीही तुम्ही कागदावर मांडलीत."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुली, तू त्याची अब्रू लिहिलीस आणि त्याला बत्तीस टक्के मिळाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गावात खरं. मंडळापुढे झाकली मूठ ठेवली, तर ती धडधाकट समजतात. त्यात डॉक्टरांचा काय दोष? त्यांनी विचारलं, यानं बरं आहे म्हणून सांगितलं. जी उणीव आपण सांगत नाही, ती सरकारदप्तरी नसतेच. मला त्याची बायको त्याच्यापासून तुटायला नको आहे. त्यासाठी थोडी लाज सोसावी लागली, तर ती मी लिहीन."

शिष्येला ते पटले. ती खाली मान घालून पुन्हा ओट्यावर बसू लागली.

दृष्टांत खरे तर इथेच संपायचा. गुरू बोलला, शिष्य उमजला, आपण पान उलटायला मोकळे. पण या गुरूचे तसे भाग्य नव्हते.

फेरतपासणी झाली. डॉक्टरांनी गुरुजींनी लिहिलेले निवेदन शेवटपर्यंत वाचले आणि केरबाला सदऱ्याची एक गुंडी लावायला सांगितली. डाव्या हाताने तो बराच वेळ झटला. गुंडी काही लागली नाही. दाखला पंचावन्न टक्क्यांचा झाला आणि दोन महिन्यांनी पगार सुरू झाला. खोली राहिली, चूल एकच राहिली.

सगुणाबाई गुळाचा खडा घेऊन ओट्यावर आल्या, पण एकट्या. गुरुजींनी विचारले, "केरबा कुठे आहे?"

सगुणाबाई पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "त्ये येत न्हाईत, गुरुजी. म्या लई म्हनलं. म्हंत्यात, त्या मानसाम्होरं मी आता कोनच्या तोंडानं बसू." मग म्हणाल्या, "घरात बी त्या दिसापासनं गुंडी लावून घेताना डोळं मिटून उभं ऱ्हात्यात. आदी बोलायचे, थट्टा करायचे."

त्या गेल्यावर गुरुजींनी गुळाचा खडा बराच वेळ हातात धरून ठेवला. शिष्या म्हणाली, "पण पगार झाला ना. त्याशिवाय झाला नसता."

"झाला नसता," गुरुजी म्हणाले. "लिहिलं ते लिहायलाच हवं होतं. पण हात त्याचा, आणि विचारलं मी त्याच्या बायकोला, तो समोर बसलेला असताना. तो तिथे नाहीच, असं वागलो. मला घाई होती. तो स्वतः सांगेल असं मला वाटलं नाही, म्हणून त्याला विचारलंच नाही. त्यानं कदाचित सांगितलं असतं. आता कळायचा मार्ग नाही."

त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. गुरुजी आज नाहीत. ओट्यावर शिष्या बसते, आता तिचेही केस पिकले आहेत. पगाराचा अर्ज घेऊन कोणी आले की ती सोबतच्यांना चहाला पाठवते. मग ज्याचे दुखणे त्यालाच विचारते, नजर कागदावरून वर न उचलता. उत्तर यायला पुष्कळ वेळ लागतो, आणि तोवर ती थांबते.